हाशमची गरगरीत अक्षरं

सोलापुरात ज्यांचं लहानपण भिंती वाचत गेलं, त्यांनी हाशमची अक्षरं पाहिली आहेत. त्याचं नाव माहीत नसेल, ते सोडा. अहो, सुताराचं नाव कोण विचारतो? पण गड्ड्याची जत्रा जवळ आली की भिंतीभिंतीवर चिकटलेलं ते ‘जंगी’ आठवतंय का? जंगी कुस्त्या, जंगी सर्कस, कव्वालीचा जंगी मुकाबला. आपल्याकडं साधं काही होतच नसे, जे व्हायचं ते जंगीच व्हायचं. ते अक्षर जाड, गरगरीत, कुठं म्हणून टोक नाही, पोटभर जेवून ओट्यावर बसलेल्या माणसासारखं. ते सागवानात कोरणारा हात हाशमचा होता.

सात रस्ता चौकाच्या मागच्या बोळात अण्णारावांचा छापखाना होता. बारीक मजकुराची शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, विकत मिळायचे, पण भिंतीवरच्या पोस्टरला वीतभर उंचीचं अक्षर लागायचं आणि ते लाकडाचंच लागायचं. हाशम मूळचा चौकटी आणि पलंग करणारा. अण्णारावांनी एकदा नमुना दाखवून विचारलं, एवढं कापून देतोस का, आणि हा गडी जो तिथं चिकटला तो छापखान्याला कुलूप लागेपर्यंत. नमुन्यातल्या अक्षरांचे कोपरे दाबाखाली आधी उडायचे, म्हणून यानं सगळ्याच अक्षरांचे कोपरे घासून गोल करून टाकले. “कोपरा हाय तितं भांडण हाय,” असं म्हणायचा. घरातही त्याचं धोरण तेच होतं.

आणि गंमत ऐका. एवढी मराठी अक्षरं कोरली, पण हाशमला मराठी वाचता येत नव्हतं. शाळा उर्दू, तीही अर्ध्यात सुटलेली. छापायचं अक्षर लाकडात उलटं कोरतात, तेव्हा ते कागदावर सुलट उमटतं. हाशमची मराठी अक्षरांशी ओळख झाली ती अशी उलटीच झाली. उलट्या ओळी उजवीकडून डावीकडं वाचायच्या, ते तर उर्दूमुळं त्याच्या अंगवळणीच पडलेलं. त्यामुळं लाकडात जुळवलेला मजकूर तो धडाधड वाचायचा, आणि तोच मजकूर छापून कागदावर आला की अडखळायचा. अण्णाराव पोट धरून हसायचे. हाशमही हसायचा, त्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

वर्षानुवर्षं दाब खाऊन अक्षरं झिजली. त्यात ‘ज’ सगळ्यात जास्त झिजला, कारण जंगी, जाहीर, जत्रा, जयंती, सगळा भार त्याच्याच बोकांडी. पुढं पुढं त्याच्या पोटात शाई धरेना. कागदावर पांढरे ठिपके उठायचे, मधोमध एक ओरखडा पडायचा. अण्णाराव म्हणाले, नवा कर. तर गिऱ्हाइकंच नको म्हणाली. जुनाच लावा, लोक लांबून ओळखतात, नवा लावला तर कुस्त्या दुसऱ्या कुणाच्या वाटतील.

हाशमची बायको जमीला घरी विड्या वळायची. तिला तर उलटं-सुलटं काहीच येत नव्हतं. पण वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला जाताना भिंतीवर नवऱ्याचं पोस्टर दिसलं की थांबायची, त्यावर हात फिरवायची आणि घरी येऊन खोड काढायची. ‘ज’ला ती मोटा म्हणायची. “आज मोटेका पेट फिर फटा दिखता जी,” असं म्हणाली की हाशम चिडायचा, कायको नजर लगाती म्हणायचा. आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन बघायचा, तर खरंच तिथं शाई धरलेली नसायची. छापखान्यातल्या कुणाला दिसलं नाही ते हिला रस्त्यावरून दिसायचं.

एक चेष्टा त्या दोघांत लग्नाच्या नव्या दिवसांपासून चालू होती. जमीला म्हणायची, “सारे शहरके नामां दीवालपे चिपकाते. मेरा कब?”

“औरतका नाम दीवालपे? पागल हुई क्या?”

“मरी तो बी नै?”

“मरी तो लगाऊँगा. इत्ता बडा!” असं म्हणून हाशम दोन्ही हात फाकवून दाखवायचा. आणि जमीला तंबाखूचे हात हवेत धरून हसत सुटायची. शहरातला कुणी व्यापारी, मास्तर, पैलवान गेला की त्याच्या निधनाची पत्रकं अण्णारावांकडंच छापली जायची, त्यामुळं मेल्यावर नाव भिंतीवर लागणं ही हाशमच्या घरात रोजचीच गोष्ट होती. मरणाची अशी चेष्टा चालते, कारण मरण लांब आहे असं दोघांनाही वाटत असतं.

मग फ्लेक्स आले. एका रात्रीत माणसाएवढे फोटो आणि चकचकीत रंग. अण्णाराव गेले, छापखान्याला कुलूप लागलं. त्यांच्या मुलानं, आदिनाथनं, त्याच जागेत फ्लेक्सचं मशीन टाकलं. पोराला दोष देऊन उपयोग नाही, त्यालाही पोट आहे. यंत्रं भंगारात गेली. लाकडी अक्षरं पुण्याच्या एका हॉटेलवाल्यानं नेली, म्हणे काचेमागं भिंतीवर सजावटीला लावली. हाशमला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, “बरं झालं, जळणात तर न्हाय गेली.” घरी येऊन मात्र त्या दिवशी जेवला नाही.

आणि मग करोनाची दुसरी लाट आली. हाशम तापानं फणफणून घरात पडलेला, लेक शबाना त्याच्या उशाशी. जमीलाला दवाखान्यात नेली ती नेलीच. कबरस्तानात तिला पोचवणारी मोहल्ल्यातलीच पोरं होती, भली पोरं, अंगाला प्लास्टिक गुंडाळून त्यांनी सगळं रीतीनं केलं. पण त्या आठवड्यात माणसं अशी एकामागं एक गेली की कुणाच्या उशाला काही खूण ठेवायला उसंत मिळाली नाही. हाशम उठून चालता झाला आणि तिथं गेला, तेव्हा राखणदारानं लांबूनच हात केला. “ये पूरी कतार उसी हप्तेकी है, चाचा.”

पूरी कतार! हाशम त्या रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, तसाच परत आला. कुठल्या मातीकडं बघून रडावं हेच त्याला कळेना. शेवटी मधेच कुठंतरी उभा राहिला आणि सगळ्या रांगेसाठी फातिहा म्हणून घरी आला. पुढं दर जुम्म्याला हेच. घरी येऊन शबानाला म्हणायचा, तिला कुठंतरी गर्दीत सोडून आल्यासारखं वाटतं. शबानानं तर आईचं तोंडसुद्धा शेवटचं पाहिलेलं नव्हतं.

शबानाचा नवरा आखातात, ती इथं शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात जाते आणि बापाजवळ राहते. बाप खंगत चाललाय हे पाहून तिनं त्याच्या हातात पेपर दिला. म्हणाली, शिका आता सुलटं. पहिले काही दिवस हा बहाद्दर पेपर आरशासमोर धरून वाचायचा! शबानानं आरसा काढून कपाटात टाकला. मग हळूहळू नजर वळली. आणि अशी वळली, की म्हाताऱ्याला व्यसनच लागलं. पहिल्या पानापासून लिलावाच्या नोटिशीपर्यंत सगळं वाचायचा. आपली रास कोणती ते माहीत नसताना राशिभविष्यसुद्धा वाचायचा. लेकीला बरं वाटलं. त्यात वाईट काय होतं, तुम्हीच सांगा.

अशात एकदा डोळ्यांचे थेंब आणायला म्हणून हाशम सात रस्त्याला गेला आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मागून रिक्षावाला शिव्या घालतोय, पण याला भान नाही. समोर मोबाईलच्या दुकानावर फ्लेक्स होता, ‘जबरदस्त ऑफर’. आणि तो ‘ज’ त्याचा होता. गरगरीत, बिनकोपऱ्याचा, पोटात तोच ओरखडा.

तसाच तो आदिनाथकडं गेला. “आरं, माझा ज कुटनं आला?”

आदिनाथनं त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. “चाचा, मी सांगणारच होतो. कॉलेजची पोरं आली होती, बाबांनी ठेवलेल्या जुन्या पोस्टरांचे फोटो घेऊन गेली. त्यावरून त्यांनी कॉम्प्युटरचा फॉन्ट केलाय. आता कुणालाही वापरता येतो. तुमचं अक्षर साऱ्या महाराष्ट्रात चाललंय, आहात कुठं! बोला, काय लिहू?”

हाशम पडद्याकडं टक लावून बघत राहिला. त्याच्या मनात एकच नाव आलं, पण ते तोंडातून निघालं नाही. तो म्हणाला, “नुसता ज लिव. अजून एक. अजून एक.”

आदिनाथनं तीन ‘ज’ ओळीनं लिहिले. हाशम वाकून बघू लागला. “तिघांनाबी एकाच जागी एकच ओरखडा कसा रं?”

“तो तसाच असतो चाचा. जुनं दिसावं म्हणून मुद्दाम ठेवलाय.”

“माझा रोज येगळा उमटायचा. कदी पोटात फाटायचा, कदी शेपटात. ती रोज बघून सांगायची.” बोलता बोलता त्याला आतून भडभडून आलं. साऱ्या शहराला पुरलेला हा ‘ज’ पुन्हा भिंतीवर चढला, मोबाईल विकायला लागला, आणि ज्या एका नावासाठी तो लागायला हवा होता ते नाव तेवढं राहिलंच. कबरीवर नाही, भिंतीवर नाही, कुठंच नाही. हाशमनं चहा तसाच ठेवला आणि आदिनाथला ती जुनी चेष्टा पहिल्यांदा सांगितली. मेल्यावर लावतो म्हणालो होतो, म्हणाला. आता मला ते करायचंय.

आदिनाथचा जीव हळहळला. “आत्ता छापून देतो चाचा. दोन मिनिटं. पाहिजे तेवढं मोठं. पैशाचं नाव काढायचं नाही.”

“मी लावतो म्हनलो व्हतो तिला. मशीन लावंल असं न्हाय म्हनलो.”

हट्टी माणूस! पण असू दे, हट्ट करायला त्याच्याकडं दुसरं होतं तरी काय.

त्यानं जुन्या चौकटीची एक सागवानी फळी आणली. एकेक अक्षर वेगळं कोरायचं नाही, अख्खं नाव एकाच फळीत काढायचं ठरवलं. पेटीतली पटाशी काढून धार लावली. हाताला कंप सुटलेला, म्हणून उजव्या हातावर डावा दाबून धरायचा आणि केसाएवढा छिलका काढायचा. दुपारी ऊन दारात आलं की बसायचा, ऊन गेलं की उठायचा. एकदा पटाशी घसरून अंगठ्यात घुसली. शबाना ओरडली, कायको जीवपे उठे अब्बा? त्यावर फडकं गुंडाळून हा दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. एवढी घाई कशाला, असं शेजारी विचारायचे. हात रोज थोडा जास्त हलत होता, हे त्याचं त्याला माहीत होतं.

फळी पुरी झाली त्या संध्याकाळी शबाना कामावरून आली. फळी भिंतीला टेकवून ठेवली होती. ज, मी, ला. तिच्या आयुष्यातली सगळ्यात ओळखीची गोलाई. तिनं उंबऱ्यातूनच वाचलं, मटकन खाली बसली आणि अक्षरांवर हात फिरवत रडायला लागली. “अब्बा, अम्मीच आयी की घरमें!” हाशमही रडला. बाप-लेक पहिल्यांदाच एकमेकांसमोर असे मोकळे झाले. छापखान्यात उमेदीची वर्षं काढलेला कुणी त्या वेळी तिथं असता, तर ती पोरगी वाचायला लागली तेव्हाच त्याच्या काळजात चर्र झालं असतं. पण तिथं तसा कुणी नव्हता. होता तो एकच, आणि त्यालाच दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी फळी पोत्यात गुंडाळून हाशम आदिनाथकडं गेला. आदिनाथनं बापाचा जुना रूळ माळ्यावरून काढला, काळी शाई पैदा केली, फ्लेक्सचं मशीन बंद ठेवलं. हाशमनं स्वतः शाई लावली. कागद अंथरला. कापडाचा बोळा करून हळूहळू दाबत गेला, ‘ज’च्या पोटावर जरा जास्त वेळ. मग दोन्ही कोपरे चिमटीत धरून कागद उचलला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

कागदावर जमीला उलटी उमटली होती.

जन्मभर उलटं कोरून जगाला सुलटं वाचायला दिलेला माणूस, आणि आपल्याच माणसाचं नाव त्यानं सुलटं कोरलं! छापखान्यात झाडू मारणारा माणूससुद्धा करणार नाही अशी चूक. शबानानं पेपर हातात दिला नसता तर झाली नसती. पण तिला बिचारीला तरी काय कळणार होतं? हाशम कागदाकडं बघत राहिला, मग फळीकडं, मग पुन्हा कागदाकडं. त्याचं तोंड एवढंसं झालं.

“माझी नजरच सुलटी झाली रं आदिनाथ,” तो म्हणाला.

“चाचा, दुसरी फळी करू. सागवान मी आणतो.”

हाशमनं उजवा हात नुसता पुढं केला. हात हलत होता. आदिनाथनं मान खाली घातली. खिशातला मोबाईल काढून म्हणाला, “मग ह्याचा फोटो काढतो. एक बटण दाबलं की सुलटं.”

“बटनानं सुलटी झाल्याली चालली असती, तर तू मशीनवर छापून देतो म्हनलास तवाच न्हवती का चालली?”

आदिनाथला हार मानवेना. एकदम त्याचा चेहरा उजळला. “अहो चाचा, फळीवर तर नाव सुलटंच आहे की! छापायचंच कशाला? फळीच लावू. कबरीच्या उशाला लावू, लोकांना वाचता येईल.”

“कुटल्या?” हाशम म्हणाला.

आदिनाथला माहीत नव्हतं. हाशमनं त्याला त्या रांगेचं सांगितलं, अगदी साध्या आवाजात. ऐकून आदिनाथ तोंड फिरवून मशीनची वायर नीट करत बसला, तिला काही झालेलं नसताना.

हाशमनं कागदावर फुंकर घातली. “खळ हाय का?” फ्लेक्सच्या दुकानात खळ कुठली असायला. आदिनाथ पळत जाऊन मैदा घेऊन आला, चहावाल्याच्या स्टोव्हवर खळ शिजवली. हाशम ती बोळातल्या त्या भिंतीकडं घेऊन गेला, जिथं पूर्वी अण्णारावांकडच्या पोस्टरची पहिली प्रत लागायची. भिंतीला हातानंच खळ फासली, कागद लावला, मधून बाहेर असा तळवा फिरवत सगळी हवा काढली. आदिनाथ म्हणाला, चाचा, कुणाला वाचता येणार नाही. हाशम म्हणाला, म्हाईत हाय.

सोलापूरची माणसं रस्त्यावरचं काही बघितल्याशिवाय पुढं जात नाहीत. एक जण थांबला, म्हणाला तेलुगू दिसतंय. दुसरा म्हणाला, छे हो, मला येतं तेलुगू, हे कानडी असेल. मग भाजीची पिशवी घेतलेली एक म्हातारी थांबली, दानम्मा, पलीकडच्या बोळात राहणारी. ती म्हणाली, “कानडी न्हवं हो हे. मग काय लिवलंय म्हणायचं?”

हाशम भिंतीला लागूनच उभा होता. उभ्या जन्मात त्यानं बायकोला चारचौघांत नावानं हाक मारली नव्हती. घरात ‘अगे’, आणि बाहेर ‘शबानाकी माँ’, आपल्याकडच्या जुन्या माणसांची रीतच ती. तिच्या नावाचा उच्चार त्यानं केला असेल तो निकाहच्या वेळी, आणि ती गेल्यावर दाखला आणायला गेला तेव्हा दवाखान्याच्या खिडकीवर. त्यानं एक हात कागदावर टेकवला.

“जमीला,” तो म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, “जमीला लिवलंय. माझी बायकू. करोनात गेली.”

दानम्मानं पिशवी खाली ठेवली. त्या उलट्या अक्षरांकडं बघून दोन्ही हात जोडले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. म्हणाली, “लई मोठं नाव लावलासा हो.” मग पिशवी उचलून गेली.

हाशमला हुंदका आवरेना. भर रस्त्यात, लोक बघत असताना तो रडत होता, आणि कागदावरचा हात त्यानं काढला नाही. आदिनाथनं दुकानातनं खुर्ची आणून ठेवली, पण तो बसला नाही. कुणी सायकल थांबवून विचारत होतं, कुणी कडेवरचं पोर सावरत विचारत होतं, काय लिहिलंय हो चाचा? आणि दिवस मावळेपर्यंत हाशम प्रत्येकाला तिचं नाव सांगत होता.